काल-परिमाण सारणी आणि मराठेकालीन कालगणना : एक विचार

प्रस्तावना :
विश्लेषणासाठी उभारलेल्या डेटाबेसमध्ये काळाची स्वतंत्र सारणी असते. तिला ‘टाइम डायमेन्शन टेबल’ म्हणतात. प्रत्येक दिवसाला एक ओळ व तीत वार, महिना, वर्ष असे रकाने, ही तिची रचना राल्फ किंबॉल यांच्या १९९६ च्या ग्रंथामुळे विशेष रूढ झाली. इतिहास-अभ्यासकाला ती अपरिचित नाही. आपल्या जंत्र्या हेच कार्य करीत आल्या आहेत. मराठेकालीन कागदपत्रांसाठी ही सारणी कशी असावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कालगणनांची विविधता :
शिवराज्याभिषेकाचा दिवस पाहू. ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६; सुहूर सन खमस सबैन व अलफ, म्हणजे १०७५; ज्युलियन गणनेने ६ जून १६७४, शनिवार. राज्याभिषेक शक याच दिवशी सुरू झाला. शकवर्ष चैत्रात बदलते, तर सुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात जाताना. म्हणून सुहूर सनाने लिहिलेल्या वसुलाचे जानेवारी ते डिसेंबर असे गट पाडल्यास एकाच हिशेबी वर्षाची रक्कम दोन वर्षांत विभागली जाते व त्यावरील अनुमान फसते.

सारणीची किल्ली :
तिथीचा क्षय वा वृद्धी होते, अधिक मासही येतो. त्यामुळे तिथी ही ओळीची किल्ली होऊ शकत नाही. इंग्रजी तारीखही निर्धोक नाही. इंग्रजांनी ग्रेगोरियन गणना १७५२ मध्ये स्वीकारली. २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. आजचे अनेक डेटाबेस मात्र जुन्या तारखाही ग्रेगोरियन समजतात. तेथे ६ जून १६७४ ला बुधवार येतो. कारण ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १६ जून होय. यास्तव किल्ली म्हणून ज्युलियन दिनांक, म्हणजे दिवसांची अखंड मोजणी, योग्य ठरते. राज्याभिषेकाचा दिनांक २३३२६४३ आहे. शक, सुहूर, हिजरी, फसली व राज्याभिषेक शक हे त्यापुढील रकाने होत.

अपूर्ण मित्या :
अनेक पत्रांत केवळ चंद्र व महिना असतो, सन नसतो. अशा पत्रास अंदाजे दिवस चिकटवू नये. त्यासाठी ‘अनिश्चित’ ही ओळ ठेवावी आणि शक्य त्या पहिल्या व शेवटच्या दिवसाची नोंद पत्राच्या सारणीत करावी.

निष्कर्ष :
मूळ मिती जशीच्या तशी जपून तिच्याशेजारी रूपांतर ठेवणे, हेच या रचनेचे सूत्र होय. सारणीत शिरलेली दहा दिवसांची चूक पुढील प्रत्येक निष्कर्षात उतरते. म्हणून तिची रचना हा केवळ तंत्रज्ञाचा नव्हे, तर इतिहासकाराचाही प्रश्न आहे.