कार्डाच्या पाठीवरची सही

दिल्लीच्या करोल बागेत बँक स्ट्रीट म्हणून एक रस्ता आहे. नावात बँक असली तरी त्याची ख्याती सराफांमुळे. सोमवारी इथला बाजार बंद असतो, त्यामुळे लग्नसराईतल्या रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. दागिना पसंत होतो, घडणावळीवरून घासाघीस होते आणि मग पैशांची वेळ येते. १ एप्रिल २०१७ पासून दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा जाड हारासाठी बऱ्याचदा पाकिटातून कार्ड बाहेर येतं. दुकानदार ते यंत्रात खोचतो, यंत्र गिऱ्हाइकाकडे वळवतो आणि म्हणतो, "पिन डालिए." व्यवहार संपला. या सगळ्यात कार्ड उलटं करून कुणीही पाहिलेलं नसतं.

पाहिलं असतं तर कित्येक कार्डांच्या पाठीवर एक पांढरी पट्टी दिसली असती, कोरी करकरीत. तिच्या शेजारी बारीक इंग्रजी अक्षरांत ताकीद असते, की सही केल्याशिवाय हे कार्ड ग्राह्य नाही. म्हणजे छापील शब्दाला धरून चाललं तर अग्राह्य कार्डांवर या रस्त्यावर लाखोंचं सोनं विकलं जातंय. ही ताकीद आली कुठून आणि तिचं आज काय करायचं, हे कळायला बरंच मागे जावं लागतं.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉबर्ट हेरीज या लंडनच्या सावकाराने युरोपभर फिरणाऱ्या श्रीमंतांसाठी एक सोय काढली. रोख नाणी बाळगायची नाहीत, त्याऐवजी परगावच्या पेढीवर वटेल अशी चिठ्ठी न्यायची. या चिठ्ठ्यांबरोबर एक वेगळं पत्र मिळे आणि प्रवाशाची नमुना सही त्या पत्रावर असे. प्रवाशाला बजावलेलं असे, की चिठ्ठ्या आणि पत्र एका जागी ठेवू नका. चिठ्ठ्या चोरीला गेल्या तरी नमुना चोराच्या हाती लागता कामा नये, एवढा साधा हिशेब त्यामागे होता. पुढचा सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा हिशेब विसरत जाण्याचा इतिहास आहे, असं माझं मत.

१८९१ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेसच्या मार्सेलस बेरी यांनी ट्रॅव्हलर्स चेक आणला. त्यावर दोन सह्या लागत, एक विकत घेताना आणि दुसरी वटवताना, देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत. नमुना आता त्याच कागदावर आला होता. पुढे अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी उधारीच्या गिऱ्हाइकांना 'चार्गा-प्लेट' नावाच्या छोट्या धातूच्या पट्ट्या दिल्या. पुढच्या बाजूला नाव-गाव उठावाच्या अक्षरांत, मागे कागदाचा एक तुकडा बसवलेला आणि त्या तुकड्यावर सही. आपल्या कार्डाच्या पाठीवरच्या पट्टीचा पूर्वज तो हाच.

१९५० मध्ये न्यूयॉर्कला डायनर्स क्लब निघाला. फ्रँक मॅकनमारा पाकीट विसरल्याने हॉटेलात कसा अडकला, ती गोष्ट बरीचशी प्रसिद्धीवाल्यांनी रंगवलेली आहे. कार्ड मात्र खरं होतं, पुठ्ठ्याचं, आणि बिलावर सही करून उठायचं. खरा गोंधळ सप्टेंबर १९५८ मध्ये झाला. बँक ऑफ अमेरिकाने कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात सुमारे ६०,००० लोकांना न मागता टपालाने कार्डं पाठवून दिली. पेटीत कार्ड पडलंय, घरमालक कामाला गेलाय आणि पट्टी कोरी! ज्याच्या हाती पहिल्यांदा पडलं, त्याच्याच हस्ताक्षराचा नमुना त्यावर चढणार. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून 'सही केल्याशिवाय ग्राह्य नाही' ही ओळ वाचा, म्हणजे तिचा रोख कळतो. कार्ड हाती आल्याआल्या सही करून ते आपलं करून टाका, एवढंच तिला सांगायचं असतं. शिवाय बँकेच्या अटी तुम्हाला मान्य आहेत, याचीही ती खूण.

आपल्याकडे सहीची शिस्त निराळी होती. जुन्या महजरांवर, म्हणजे गावच्या निवाड्याच्या कागदांवर, लिहिता न येणारा कुणबी नांगराची निशाणी करी, वाणी तागडीची. आणि ती खरी की खोटी हे सांगायला गोतातली माणसं समोर बसलेली असत. नंतर बँका आल्या, तेव्हा नमुना सही शाखेतल्या कार्डावर, बँकेच्या ताब्यात राहिली. 'सही जुळत नाही' म्हणून चेक परत आल्यावर काउंटरवर हुज्जत घालणारे आजोबा प्रत्येक घराने पाहिलेत. त्रास होई, पण नमुना निदान योग्य हाती असे.

कार्डाने ही रीत उलटी केली. करोल बागेतल्या सराफाला हे चटकन कळावं. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडीकडचे, सोनं गाळून पारखणारे आपले गलाईवाले देशभरच्या सोन्याच्या बाजारांत गेले तसे इथेही आले. सोनं कसोटीवर घासून ते शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याच्या सळईने रेघ ओढतात आणि दोन्ही रेघा ताडून पाहतात. ही नमुन्याची सळई कायम पारखणाऱ्याच्या पेटीत असते. विकायला आलेल्यानेच सळईही आणली तर त्या परीक्षेला काय अर्थ? कार्डाच्या सहीचं नेमकं हेच झालं. चोराच्या हाती कार्ड लागलं की गिरवायला नमुनाही लागला.

भारतात डायनर्स क्लब १९६१ मध्ये काली मोदी यांनी आणला. भारतीय बँकेचं पहिलं क्रेडिट कार्ड मुंबईच्या सेंट्रल बँकेचं, १९८० चं 'सेंट्रल कार्ड'. त्या काळी दुकानात 'झिप-झॅप' असे. लोखंडी पाट, त्यावर कार्ड ठेवायचं, वर कार्बनचे पापुद्रे असलेली स्लिप आणि मग दांडा इकडून तिकडे खर्रकन ओढायचा. उठावाची अक्षरं तिन्ही प्रतींवर उमटत. एक प्रत गिऱ्हाइकाची, एक दुकानाची, एक बँकेची. रक्कम मोठी असेल तर दुकानदार बँकेला फोन लावून मंजुरीचा आकडा घेई; लहान असेल तर रद्द झालेल्या कार्डांच्या क्रमांकांची पुस्तिका चाळून काम भागवी. यंत्राला कशाचाच पत्ता नव्हता, म्हणून माणसाने सही पडताळायची. तो काळ सहीचा होता, आणि तेव्हाही ती किती नीट पाहिली जाई हे दुकानातल्या गर्दीवर अवलंबून असे. पुढे जॉन हारग्रेव्ह या अमेरिकन विनोदवीराने स्लिपांवर वाटेल त्या सह्या ठोकून पाहिल्या. चित्रं काढली, भलभलती नावं लिहिली. बहुतेक ठिकाणी कुणाची भुवईही वर गेली नाही.

पट्टी बनवणाऱ्यांनी मात्र डोकं चालवलं होतं. सही खोडायला किंवा खरवडायला जावं तर कित्येक कार्डांवर खालून 'व्हॉइड' हा शब्द वर येतो. सीव्हीव्हीचे तीन आकडेही बराच काळ त्याच पट्टीच्या शेवटी छापलेले असत. कार्ड कंपन्यांनी दुकानदारांना घालून दिलेला नियमही स्पष्ट होता. कार्ड कोरं असेल तर फोटो असलेलं ओळखपत्र मागा, समोर सही करून घ्या, मगच पुढे जा. काही हुशार मंडळी सहीच्या जागी 'ओळखपत्र पाहा' असं लिहून ठेवतात. नियमाच्या दृष्टीने ती सही नव्हे, कार्ड कोरंच.

मग चिप आली, आणि भारतात सहीची सद्दी अमेरिकेच्या आधी संपली. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ डिसेंबर २०१३ पासून दुकानात डेबिट कार्ड वापरताना पिन सक्तीचा झाला. त्या वेळी यंत्रं टेलिफोनच्या तारेला बांधलेली असत, गल्ल्यापर्यंत गिऱ्हाइकाचा हात पोचत नसे. मग काउंटरवरचा पोरगा खुशाल विचारी, "पिन बता दीजिए," आणि सभ्य माणसं चारचौघांत चार आकडे सांगत. सहीच्या जागी आलेल्या गुपिताची आपण काय गत केली, ते यावरून कळावं. नुसत्या चुंबकीय पट्टीची जुनी कार्डं २०१८ च्या अखेरीपर्यंत बदलायला सांगण्यात आली. आता चिपच यंत्राला सांगते, की या माणसाची खात्री कशी करायची. पिन, सही, की काहीच नाही. पाठीवर शाई आहे की नाही, हे तिला कळायचा मार्गच नाही.

पिन टाकल्यावरही कुठे कुठे दुकानदार स्लिप पुढे करतो, "साइन कर दीजिए." जुनी सवय. ही स्लिप उष्णतेने छापणाऱ्या कागदावरची असते. काही महिने ड्रॉवरमध्ये पडू द्या आणि मग काढून पाहा. तारीख फिकट, दुकानाचं नाव अर्धं, रक्कम जवळजवळ गायब. आणि खाली बॉलपेनने केलेली तुमची सही तेवढी ठसठशीत. कशावर केली, ते मात्र विचारायचं नाही.

एप्रिल २०१८ मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्स्प्रेस आणि डिस्कव्हर या चौघांनीही अमेरिकेत दुकानदारांवरची सही घेण्याची सक्ती काढली. पाठोपाठ पट्टीच नसलेली कार्डंही निघाली. तुमच्या नव्या कार्डावर ती नसेल तर ती छापायची राहिली असं समजू नका.

तेव्हा सही न केलेलं कार्ड चालतं का? यंत्रात चालतं. पट्टी आणि ताकीद दोन्ही असतील तर मात्र सही करून टाका. परदेशात एखाद्या दुकानात कार्ड उलटून पाहिलं गेलं, तर कोऱ्या पट्टीवरून नाकारायचा अधिकार त्या दुकानदाराला असू शकतो, आणि वाद बँकेपर्यंत गेला तर छापील अट तुमच्या विरुद्ध वाचली जाऊ शकते. साधं बॉलपेन वापरा. शाईचं पेन त्या पट्टीवर फिसकटतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार कार्ड नुसतं टेकवून, पिनशिवाय होऊ शकतो. तिथे सही नाही आणि गुपितही नाही. कार्ड हाती असणं हीच ओळख. ही सोय नको असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये ती बंद करता येते, मर्यादाही कमी ठेवता येते. पट्टीवर सही करायला बसाल, तेव्हा ते अ‍ॅपही एकदा उघडून पाहा.