गोंधळ किती? फुबार इतका!

तुमच्यापैकी जे कोडिंग शिकलेत त्यांनी 'फू' आणि 'बार' ही नावं पाहिलीच असतील. व्हेरिएबलला काय नाव द्यावं सुचलं नाही की द्या ठोकून. बीटेकच्या चार वर्षांत मलाही ही जोडी कुठून आली ते कोणी सांगितलं नाही. 'फू' हा शब्द बिल होल्मनच्या 'स्मोकी स्टोव्हर' या कॉमिक स्ट्रिपमध्ये 1930 च्या दशकातच होता. पण 'फू'ला 'बार' चिकटला, त्यामागे दुसऱ्या महायुद्धातला 'फुबार' असावा असं मानतात. आजचा एपिसोड त्याच फुबारच्या खानदानावर.

इंग्रजीत गोंधळाची तुलना करायची तर शाळेतला मार्ग सरळ आहे: कन्फ्युज्ड, मोअर कन्फ्युज्ड, मोस्ट कन्फ्युज्ड. अमेरिकन सैनिकांना हे फारच मिळमिळीत वाटलं असणार. त्यांनी स्वतःची शिडी बनवली.

पहिली पायरी स्नाफू. म्हणजे 'सिच्युएशन नॉर्मल, ऑल फाउल्ड अप'. ('फाउल्ड' हा सभ्य अवतार, मूळ शब्द तुम्ही ओळखला असेलच.) यातली खरी गंमत 'नॉर्मल'मध्ये आहे. सगळा घोळ झालाय, पण रोजचाच आहे, विशेष काही नाही! दुसरी पायरी टारफू: 'थिंग्ज आर रिअली फाउल्ड अप'. इथे 'रिअली' आलं, म्हणजे आता सावळागोंधळ. आणि सगळ्यात वर फुबार: 'बियाँड ऑल रेकग्निशन', ओळखूही येणार नाही असा बट्ट्याबोळ. मला हा शेवटचा प्रकार भारी वाटतो, कारण 'मोस्ट' म्हणायलासुद्धा तुलनेला काहीतरी समोर लागतं. इथे समोरचं ओळखूच येत नाही, तर तुलना कशाशी करणार?

ही शिडी लष्करानेही उचलली. 1943 पासून जवानांसाठी 'प्रायव्हेट स्नाफू' नावाची कार्टून निघाली. सगळ्या चुका करून दाखवणारा हा बावळट शिपाई. काही भाग डॉ. सूस, म्हणजे थिओडोर गायझेल, यांनी लिहिले आणि आवाज बग्ज बनीवाल्या मेल ब्लँकचा. 1944 च्या एका भागात त्याचे दोन भाऊ भेटतात. नावं ओळखा? टारफू आणि फुबार.

आता कोरिया. एप्रिल 1951, इमजिन नदी. ब्रिटिश ब्रिगेडवर चिनी फौजा तुटून पडल्या होत्या आणि ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची एक बटालियन वेढली गेली होती. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांचे वरिष्ठ होते अमेरिकन जनरल रॉबर्ट सूल. परिस्थिती कशी आहे असं विचारल्यावर ब्रॉडी म्हणाले, 'अ बिट स्टिकी', असं सांगितलं जातं. म्हणजे जरा अवघड आहे.

ब्रिटिश अधिकाऱ्याच्या तोंडी 'जरा अवघड' म्हणजे पाणी गळ्यापर्यंत आलंय. अमेरिकन कानाला ते ऐकू आलं ते असं: त्रास आहे, पण निभावतंय. ब्रॉडींच्या शिडीवरची वरची पायरी सूल यांच्या शिडीवर पार खाली, जवळपास स्नाफूच्या शेजारी. ग्लॉस्टर्सना जागेवर टिकून राहायला सांगण्यात आलं.

सगळं खापर या एका वाक्यावर फोडू नका. सुटकेसाठी फिलिपिनो रणगाडे पाठवले होते, ते अरुंद खिंडीत अडकले. शिवाय मागे हटायला सांगेपर्यंत वाटच उरली नव्हती. पण दोघंही इंग्रजीच बोलत होते, हे मला फार अस्वस्थ करतं. एकाची भाषा वेगळी असती तर मध्ये दुभाषा बसला असता आणि निदान एकदा तरी 'जरा म्हणजे किती?' असा प्रश्न आला असता.

25 एप्रिलला लढाई संपली. टेकडी 235 वरचे थोडेच जण निसटून आपल्या फौजेपर्यंत पोहोचले. पाचशेहून जास्त ग्लॉस्टर्स कैदी झाले आणि त्यातले बरेचसे 1953 मध्ये घरी परतले. काही कैदेतच वारले.