मस्ट, शुड, मे : एका परिच्छेदाची कुळकथा

सॉफ्टवेअरच्या कामाचं स्पेक हातात आलं की पहिल्या-दुसऱ्या पानावर एक ठरलेला परिच्छेद भेटतो. या दस्तऐवजात कॅपिटल अक्षरांत आलेले ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ हे शब्द आरएफसी २११९ मध्ये दिलेल्या अर्थाने घ्यावेत, असा त्याचा मजकूर. जुन्या फाइलीतून उचलायचा आणि नव्या फाइलीत डकवायचा, हीच त्याची रीत. मूळ आरएफसी उघडून बघणारे थोडे, आणि खरं तर तो जेमतेम तीन पानांचा कागद आहे. पण त्याचं घराणं मोठं गमतीचं. आज हुकमासारखे वापरले जाणारे हे शब्द ज्या वंशात जन्मले, त्याचा मूळपुरुष हुकूम सोडायलाच घाबरत होता.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ने चार ठिकाणचे संगणक जोडायला घेतले : लॉस एंजेलिसचं यूसीएलए, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, सांता बार्बराचं विद्यापीठ आणि यूटा विद्यापीठ. मधल्या यंत्रांचं कंत्राट मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन कंपनीला मिळालं. कंत्राट म्हटल्यावर त्या यंत्राला संगणक कसा जोडायचा, हे सगळं पांढऱ्यावर काळं झालं. पण जोडून झाल्यावर या टोकाच्या संगणकाने त्या टोकाच्या संगणकाशी बोलायचं काय आणि कसं, हे कुणाच्याच कंत्राटात नव्हतं. ते काम चारही ठिकाणच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या गळ्यात पडलं. यूसीएलएचे स्टीव्ह क्रॉकर, व्हिंट सर्फ आणि जॉन पोस्टेल हे त्यांतले. पूर्वेकडून कुणी तरी जाणती मंडळी येतील आणि सूत्रं हाती घेतील, अशी या पोरांची समजूत होती. कुणी आलं नाही.

बैठका होत होत्या, कल्पना साचत होत्या, तेव्हा त्या टिपून ठेवायचं क्रॉकरने अंगावर घेतलं. तो त्या दिवसांत मित्रांकडे राहत होता. रात्री कुणाची झोपमोड नको म्हणून बाथरूममध्ये बसून त्याने पहिली टिपणं लिहिली. आता प्रश्न आला मथळ्याचा. ‘नियम’ म्हणावं, ‘प्रमाणक’ म्हणावं, तर उद्या खरोखरच कुणी अधिकारी माणूस उगवला तर? म्हणून मथळा निवडला ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजेच आरएफसी. आम्हाला असं वाटतं, तुमचं काय ते कळवा, इतकाच त्याचा सूर. ७ एप्रिल १९६९ ही पहिल्या आरएफसीची तारीख, आणि विषय ‘होस्ट सॉफ्टवेअर’.

माझ्या मते खरी मौज पहिल्यात नाही, तिसऱ्यात आहे. आरएफसी ३ म्हणजे टिपणं कशी लिहावीत याबद्दलचं टिपण. त्यात क्रॉकर सांगतो की कुठलाही विचार, कुठलीही सूचना चालेल. उदाहरण न देता मांडलेलं तत्त्वज्ञान चालेल, प्रस्तावना नसलेलं तंत्रही चालेल. लांबीची किमान मर्यादा एक वाक्य. एवढी सूट का, याची कारणंही तो देतो. एक म्हणजे लिहिलेलं दिसलं की माणसं ते अधिकृतच धरून चालतात. दुसरं म्हणजे कच्चं काही चारचौघांत मांडायला माणूस बिचकतो. हे दोन्ही मोडायचं होतं. वाटपाची व्यवस्थाही तितकीच साधी : लिहिणाऱ्याने सहा जणांना एकेक प्रत पाठवायची, पुढच्या प्रती ज्याने त्याने आपापल्या ठिकाणी काढायच्या. प्रती जायच्या टपालाने, कारण ज्या नेटवर्कसाठी हा सगळा खटाटोप, ते अजून उभं राहायचं होतं. पहिला संदेश गेला त्या वर्षीच्या २९ ऑक्टोबरला.

पुढे या टिपणांचं संपादन पोस्टेलकडे आलं आणि १९९८ मधल्या त्याच्या मृत्यूपर्यंत त्याच्याकडेच राहिलं. टिपणांचे नियम कधी झाले, याचा एकच दिवस दाखवता येत नाही. पण सप्टेंबर १९८१ मध्ये टीसीपी या संगणकांच्या संवादपद्धतीचं वर्णन करणारा आरएफसी ७९३ निघाला तेव्हा मथळ्यातली विनंती नावापुरतीच उरली होती. अडचण अशी, की मजकूर अजून ओळखीच्या माणसांसाठी लिहिल्यासारखा होता. काही अडलं तर फोन करा, इतका मोकळा. पोस्टेलचं प्रसिद्ध तत्त्वही याच काळातलं : स्वतः पाठवाल ते काटेकोर पाठवा, दुसऱ्याचं येईल ते सांभाळून घ्या. मूठभर शहाण्यांच्या गावात हे छान चालतं. दुकानं वाढली, प्रत्येक कंपनी आपापलं टीसीपी विकू लागली, आणि सांभाळून घेण्याच्या नावाखाली चुका मुरत गेल्या. या तत्त्वाचं नुकसान काय झालं, हे मांडणारा आरएफसी ९४१३ तर २०२३ मध्ये निघाला.

मुरत जाणाऱ्या या चुकांवर उपाय म्हणून ऑक्टोबर १९८९ मध्ये रॉबर्ट ब्रेडन याच्या संपादनाखाली दोन जाडजूड आरएफसी आले, ११२२ आणि ११२३; मिळून दोनशेच्या वर पानं. मस्ट, शुड, मे यांना कॅपिटल अक्षरं आणि पक्के अर्थ मिळाले ते इथे. एकेक विषय संपला की तक्ता येतो : डावीकडे एकेक अट, उजवीकडे मस्ट, शुड, मे, शुड नॉट, मस्ट नॉट असे रकाने, आणि योग्य रकान्यात फुली. सगळे मस्ट आणि सगळे शुड पाळले तर तुमचं सॉफ्टवेअर बिनशर्त उत्तीर्ण. मस्ट पाळले पण काही शुड राहिले तर सशर्त. शाळेच्या प्रगतिपुस्तकाची आठवण यावी असाच हा प्रकार, पण त्यामुळे पहिल्यांदाच ‘आमचं चालतं’ या उत्तराला ‘कुठल्या रकान्याप्रमाणे?’ असं विचारता येऊ लागलं.

मार्च १९९७ च्या आरएफसी २११९ मध्ये हार्वर्डच्या स्कॉट ब्रॅडनरने तेच अर्थ स्वतंत्र कागदावर काढले, जेणेकरून प्रत्येकाला ते पुन्हा लिहावे लागू नयेत. त्यातली ‘शुड’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. ही गोष्ट टाळायला एखाद्या परिस्थितीत रास्त कारण असू शकतं, पण परिणाम पुरते समजून, तोलूनमापून मगच टाळावी, असा तिचा आशय. आपल्याकडच्या प्रकल्पांत, हिंजवडीत असो वा आणखी कुठे, हा तोलण्याचा भाग पार गळून गेला आहे. क्लायंट शुड वाचतो ते मस्टसारखं आणि डेव्हलपर वाचतो ते मेसारखं. साइन-ऑफच्या दिवशी दोघंही एकाच ओळीवर बोट ठेवून भांडतात.

त्याहून दुर्लक्षित आहे त्याच कागदाचा सहावा परिच्छेद. हे शब्द जपून आणि कमी वापरा. दोन यंत्रणांचं एकमेकांशी जुळण्यासाठी किंवा नुकसान टाळण्यासाठी जिथे खरोखर गरज असेल तिथेच वापरा. बनवणाऱ्यावर एखादी विशिष्ट पद्धत लादायला तर वापरूच नका, असं तो बजावतो. बटण निळंच हवं, डेटाबेस अमुकच हवा, यासाठी पानोपानी ‘मस्ट’ ठोकणाऱ्यांनी तो ठरलेला परिच्छेद डकवण्याआधी हा वाचायला हवा होता.

घरच्या मंडळींनाही याची थट्टा सुचली. १ एप्रिल २०१३ च्या आरएफसी ६९१९ ने काही नवे शब्द ‘मंजूर’ केले. त्यांत ‘मस्ट (पण तुम्ही करणार नाही हे आम्हाला माहीत आहे)’ असा एक आहे. गंभीर दुरुस्ती आली ती मे २०१७ मध्ये, आरएफसी ८१७४ मधून : शब्द कॅपिटल अक्षरांत असेल तरच विशेष अर्थ, एरवी तो साधा इंग्रजी शब्द.

या घराण्याची आणखी एक रीत आहे. छापलेला आरएफसी पुन्हा कधी बदलायचा नाही; सुधारणा करायची ती नव्या क्रमांकाने. वेबपानं मागवण्याची पद्धत म्हणजे एचटीटीपी; तिच्या मे १९९६ च्या आरएफसीत, आधीचं पान कुठलं हे सांगणाऱ्या ‘रेफरर’च्या स्पेलिंगमधला एक ‘आर’ राहून गेला. तोवर ते स्पेलिंग चालत्या प्रोग्रॅम्समध्ये जाऊन बसलं होतं, त्यामुळे नवे क्रमांक आले तरी चूक तशीच चालत राहिली. आजही प्रत्येक ब्राउझर ती इमानेइतबारे पाठवतो.

एक चूक मात्र नव्या क्रमांकाने सुधारली, आणि तिचा आपल्या लिपीशी थेट संबंध आहे. २००३ मध्ये इंग्रजीखेरीज इतर लिप्यांतल्या डोमेन-नावांचे नियम ठरले, तेव्हा अक्षरं जोडणारं आणि तोडणारं अशी दोन अदृश्य चिन्हं बिनकामाची म्हणून गाळून टाकायचं ठरलं. मराठीत जुन्या टंकनपद्धतींनी ‘दर्‍या’ लिहिताना पायमोडक्या र नंतर यातलंच जोडचिन्ह येतं. ते गाळलं की डोंगरातल्या दर्‍यांचा समुद्र होतो, ‘दर्या’. ऑगस्ट २०१० च्या नव्या आरएफसींनी हे बदललं : चिन्हाच्या लगेच आधी पायमोडकं अक्षर असेल तर ते नावात राहू शकतं. पण ते स्वीकारायचं की नाही, हे नावांची नोंद करणाऱ्या संस्थेवर सोडलं आहे.