हुकमाची विश्रांती आणि शिकवलेली विश्रांती

‘टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच दवाखान्यात ऐकलेलं आहे. पण ते घ्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं? या प्रश्नाला डॉक्टरांनी कशी कशी उत्तरं दिली, ते आज आपण थोडक्यात पाहू.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियाचे डॉ. सायलस वेअर मिचेल ‘रेस्ट क्युअर’ देत. मज्जातंतू थकलेत असं निदान झालं, की पेशंटला कित्येक आठवडे अंथरुणात ठेवायचं. भरपूर दूध, मालिश; वाचन, लेखन, गाठीभेटी बंद. पेशंट बहुतांशी स्त्रिया. १८८७ साली लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांनी हा उपचार घेतला. लेखणीला हात लावायचा नाही, असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यानं बरं वाटणं दूरच, मन आणखी ढासळलं. १८९२ साली त्यावरची त्यांची कथाच प्रसिद्ध झाली. म्हणजे बघा, विश्रांती होती, पण ती हुकमाची.

पुढे १९३६ साली माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये यांनी उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. थंडी असो, जखम असो की विषारी द्रव्य, शरीर ठरावीक पद्धतीनंच प्रतिसाद देतं, असं त्यांना दिसलं. यातूनच ‘स्ट्रेस’ हा शब्द वैद्यकात रुजला. ताण हा नुसता मनाचा खेळ नाही, तो शरीरात उतरतो, हे डॉक्टरांना पटू लागलं. पण पेशंटनं करायचं काय, हा प्रश्न उरलाच.

इथं आपल्या मुंबईचा संबंध येतो. के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ पेशंटना शवासन शिकवलं. संथ श्वास, त्याकडे लक्ष आणि रोजचा सराव. १९६९ साली त्यांनी निष्कर्ष छापले: अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींचा औषधांचा डोस कमी करता आला.

आता कुणी म्हणेल, नुसतं पडून राहिलं तरी एवढा फरक पडलाच असता की! ही शंका रास्तच आहे. इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी नेमकी तीच तपासली. १९७५ च्या त्यांच्या अभ्यासात ३४ पेशंट होते. एका गटाला योगातलं शिथिलीकरण आणि बायोफीडबॅक शिकवलं. दुसरा गट तितकाच वेळ येऊन नुसता पडून राहिला. रक्तदाब दोन्हींचा उतरला, पण शिकलेल्यांचा कितीतरी जास्त. नंतर दुसऱ्या गटालाही शिकवलं, तेव्हा त्यांचाही आणखी उतरला.

मिचेल यांचा पेशंट हुकूम पाळत होता, दाते आणि पटेल यांचा पेशंट काहीतरी शिकून घरी जात होता. शिकवायला वेळ लागतो, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच नसतो. म्हणून आजही आपल्या हातात बऱ्याचदा तेवढं एक वाक्यच पडतं. अशा वेळी आपणच विचारायला हवं: ‘डॉक्टर, ते कसं करायचं, तेवढं दाखवता का?’