बंगळूर : एका भयाची हकिकत

२०१२ सालच्या ऑगस्टच्या मध्यास बंगळूरच्या रेल्वे स्थानकावर जे दृश्य दिसले, ते इतिहासाच्या अभ्यासकाने विसरू नये असे आहे. ईशान्येकडील राज्यांतून पोटासाठी व शिक्षणासाठी आलेले हजारो तरुण हाती लागेल ते सामान उचलून गुवाहाटीची गाडी धरण्यासाठी लोटले होते. रेल्वेला खास गाड्या सोडाव्या लागल्या. शहरात दंगल उसळलेली नव्हती. जुलैमध्ये आसामातील कोक्राझार भागात रक्तपात झाला होता हे खरे. परंतु त्याचा सूड दक्षिणेत उगवला जाणार, अशा मजकुराचे लघुसंदेश आणि समाजमाध्यमांवरील चित्रे फिरत होती. त्यांतील कित्येक चित्रे भलत्याच देशांतील, भलत्याच आपत्तींची होती. मंत्र्यांनी स्थानकावर जाऊन अभय दिले. तरी गाड्या भरतच राहिल्या.

श्रोतेहो, भयाने शहर सोडणे आपल्याला नवे नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, तेव्हा लाखो लोक गावोगावी पांगले. इस्पितळात नेलेल्याला तेथे मुद्दाम मारतात, अशा वावड्या उठल्या आणि त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पण ती वावडी तोंडातून कानात जाई. ऐकणाऱ्याला सांगणाऱ्याचा चेहरा दिसे. रात्री चाळ निजली की वावडीही घटकाभर निजे. बंगळूरच्या तरुणाची वावडी उशाशी जागी होती. शिवाय ती आईकडून, भावाकडून, गावच्या मित्राकडून येई. आणि घरच्यांच्या काळजीवर अविश्वास कोण दाखवणार?

केंद्र सरकारने पाचांहून अधिक लघुसंदेश एकगठ्ठा पाठवण्यास १५ दिवस मनाई केली. मी सरकारी नोकर. हुकूम काढला की प्रश्न सुटला, असे मानण्याचा मोह माझ्या पेशाला जडलेलाच आहे. हुकूम संदेश थोपवतो. धसका त्याच्या हाती लागत नाही.

त्या धसक्याचे शास्त्र जाणणारी संस्था त्याच शहरात होती. बंगळूरच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळाला १९२५ साली मनोरुग्णालय हे नाव मिळाले, १९५४ मध्ये तेथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था उभी राहिली आणि १९७४ मध्ये निम्हान्स. याच निम्हान्सने २०१४ साली 'शट' नावाचे उपचार केंद्र उघडले. समाजमाध्यमे, खेळ, आंतरजाल यांपासून स्वतःला सोडवू न शकणारी माणसे तेथे येतात. बहुधा आईबापच मुलांना घेऊन येतात. ओढ किती आहे, ताबा सुटला आहे काय, झोप, अभ्यास, घरचे संबंध यांचे काय झाले, हे तेथे विचारले जाते. यंत्र हिसकावून घेणे हा तेथील उपचार नव्हे.

येथे एक सावधगिरी हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीच्या अकराव्या आवृत्तीत, जी २०२२ पासून अमलात आली, खेळाच्या व्यसनाला विकार म्हणून स्थान मिळाले; समाजमाध्यमांच्या व्यसनाला स्वतंत्र स्थान मिळाले नाही. उदास मनुष्य पडद्याकडे वळतो की पडद्यामुळे उदास होतो, हा गुंता अजून सुटलेला नाही. कित्येकदा एकटेपणा आधीचा असतो. सारा दोष यंत्राच्या माथी मारणाऱ्या पालकांना हे ऐकणे जड जात असेल.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारने 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. तिची राष्ट्रीय सूत्रे निम्हान्सकडे आली. १४४१६ हा तिचा क्रमांक. अपरात्री झोप उडालेला मनुष्य तो फिरवतो, तेव्हा हातात तेच यंत्र असते. फक्त पलीकडून कोणीतरी त्याचे ऐकून घेत असते.