तळटीप : ‘तिसऱ्या टॅबमध्ये’

* तिसऱ्या टॅबमध्ये : लेखक इथे लिनक्सवरच्या ग्नोम टर्मिनलबद्दल बोलत आहेत. या खिडकीतला प्रत्येक टॅब म्हणजे वेगळं आभासी टर्मिनल. त्यात स्वतंत्र शेल चालतं. ‘टीटीवाय’ ही आज्ञा दिली की त्या टॅबचा क्रमांक कळतो. मोजणी शून्यापासून होत असल्याने तिसऱ्या टॅबमध्ये बहुधा ‘/डेव्ह/पीटीएस/२’ असं उत्तर येतं.

नवा टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने उघडतो, कंट्रोल-शिफ्ट-डब्ल्यूने मिटतो. ऑल्ट-३ दाबलं की थेट तिसरा समोर येतो. ब्राउझरमध्ये न लागणारी शिफ्ट इथे का? कारण नुसत्या कंट्रोलच्या जोड्या आधीच शेलने अडवून ठेवल्या आहेत. बॅश या शेलमध्ये कंट्रोल-डब्ल्यूने मागचा शब्द खोडला जातो, तर कंट्रोल-टीने शेजारची दोन अक्षरं जागा बदलतात.

पुढे लेखकाचं रात्रभर चाललेलं काम टॅब मिटताच बंद पडतं, त्याचं कारणही जुनंच आहे. टॅब बंद होताना शेलला ‘हँगअप’ हा संकेत जातो. टेलिफोनच्या तारेवरून संगणक वापरत, त्या काळी जोडणी तुटली की हाच संकेत जाई. नाव तिथूनच आलं. शेल तो आपल्या कामांपर्यंत पोहोचवतं आणि ती सहसा गुंडाळली जातात. यावर उतारा म्हणून ‘स्क्रीन’ (१९८७) किंवा ‘टीमक्स’ (२००७) वापरतात : खिडकी मिटली तरी आतलं काम चालूच राहतं. — संपा.