हॉटेलातली कपबशी



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, लढाया येतात, राजेमहाराजे येतात. शाळेतली मुलेही सनावळ्या पाठ करून दमतात. पण इतिहास काही नुसता गडावरच घडत नाही. बाजारपेठेच्या कोपऱ्यावर, चहाच्या हॉटेलातल्या बाकड्यावरही तो घडत असतो. आज नांदेड आणि लातूरकडच्या अशाच हॉटेलांविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. हॉटेल म्हणजे मोठ्या शहरातली माडीची इमारत नव्हे बरे का! आपल्याकडे ज्याला हॉटेल म्हणतात ते. पुढे भट्टी, तिच्यावर उकळणारा चहा, परातीत भजी, सकाळच्या पारी सुशीला नाही तर चिवडा, आत दोनचार बाकडी आणि गल्ल्यावर बसलेला मालक.

आपण गिऱ्हाईक म्हणून आत शिरतो तेव्हा काय पाहतो? चहा कडक आहे का, भजी ताजी आहेत का, पोऱ्या बाकड्यावर फडके मारतो की नाही, मालक सुटे पैसे नीट परत देतो का. हे सारे पाहावेच. पैसे मोजायचे तर माल चोख हवा. पण आपल्या वाडवडिलांच्या काळी याच्याही आधी एक प्रश्न असे : तू कोणाचा कोण? त्या उत्तरावर गिऱ्हाइकाची जागा ठरे आणि त्याचा कपही ठरे.

मुळात चहा काही आपला नव्हे. पूर्वी पाव्हणा दारी आला म्हणजे त्याच्यापुढे गूळपाणी येई. आसामात इंग्रजांनी चहाचे मळे लावले ते १८३० नंतर, आणि तो माल बहुतेक विलायतेला जाई. पुढे मळेवाल्यांच्या मनात आले, की या देशातली माणसेच चहा पिऊ लागली तर काय बहार होईल! १९०३ साली परदेशी जाणाऱ्या चहावर उपकर बसवणारा कायदा झाला आणि त्या पैशातून चहाचा प्रचार होऊ लागला. स्टेशनांवर पाट्या लागल्या. चहा कसा करावा हे बाजारात करून दाखवू लागले, लोकांना फुकट पाजू लागले. फुकटाची सवय लागली आणि मग ती पैसे मोजून पुरवावी लागली.

आपल्या मुलखात चहाची वाट रेल्वेने मोकळी केली. मनमाडहून औरंगाबाद, परभणी, नांदेड करीत सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग १९०० - १९०१ च्या सुमारास सुरू झाला. लातूरला बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ साली पोचली. लातूर ही तशी व्यापाऱ्यांची पेठ. तिथल्या गंजगोलाईची इमारत १९१७ सालची, आणि तिला चहूबाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळतात. खेड्यातला शेतकरी रात्रीतून गाडी जुंपून पेठेत माल आणी. सौदा पटून आडत्याकडून पैसे हाती पडेपर्यंत दिवस डोक्यावर येई. फडक्यात बांधून आणलेली भाकरी संपलेली असे. विकतचे अन्न खाणे त्या वेळी कमीपणाचे वाटे. पण पोटाला ते कुठे ठाऊक? अशा माणसाला हॉटेलाचा आधार झाला. निजामाच्या राज्यात हाली सिक्का चाले, इंग्रजी मुलखात कलदार. सहा कलदार रुपयांना सुमारे सात हाली रुपये पडत. दोन मुलखांचा व्यापार ज्या पेठेत चाले, तिथे हा हिशेब प्रत्येकालाच ठेवावा लागे.

पैशाचा हिशेब कसाही जमतो. माणसांचा हिशेब मात्र अवघड. रेल्वेच्या डब्यात सगळे खांद्याला खांदा लावून बसत. पण गाडीतून उतरले की स्टेशनावर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ अशी हाळी ऐकू येई. पेठेत आणि खेड्यात तर भेदांची उतरंडच होती. ज्यांना अस्पृश्य म्हणत, त्यांच्यासाठी कपबशी वेगळी असे. ती आत नसे. बाहेर भिंतीतल्या कोनाड्यात नाही तर छपराच्या वळचणीला खोचून ठेवलेली असे. कधी कान तुटलेला कप, कधी पत्र्याचे टमरेल. गिऱ्हाइकाने ते आपल्या हाताने काढायचे, विसळायचे, समोर धरायचे. पोऱ्या वरून चहाची धार सोडी. पायरीवर नाही तर रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून तो प्यायचा, पुन्हा कप विसळायचा आणि होता तिथे ठेवून द्यायचा. पैसे मात्र तेवढेच! आणि ते पैसे घेताना कुणी विटाळ मानलाच, तर वर पाणी शिंपडले की भागे. कपाला ती सवलत नव्हती.

कुणी म्हणेल, त्या काळची रीतच तशी होती. त्या लोकांना दुसरे ठाऊकच कुठे होते? हे मात्र खरे नाही. दुसरी रीत आपल्या दाराशीच होती. नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. तिथले गुरुद्वारा महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवले. शीख पंथाची शिकवणच अशी, की लंगरात सर्वांनी एका पंगतीत, जमिनीवर, सारख्या पातळीवर बसून जेवावे. राव असो वा रंक, वाढपी सर्वांना एकच डाळरोटी वाढतो. लातूरच्या शेजारी बिदरकडे कल्याण आहे. तिथे बाराव्या शतकात बसवेश्वरांनी जातिभेद मोडण्याची शिकवण दिली आणि दासोहाचा, म्हणजे आपल्या कष्टातले सर्वांसाठी देण्याचा, धडा घालून दिला. तेव्हा दृष्टांत होते, शिकवण होती. ती देवस्थानाच्या उंबऱ्यातून हॉटेलाच्या उंबऱ्यात यायला मात्र फार वेळ लागला.

ती आणून दाखवली कोल्हापूरच्या एका राजाने. त्यासाठी आपल्या मुलखाबाहेर थोडे जायला हवे. गंगाराम कांबळे हे राजवाड्यावरच्या पागेत कामाला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना तिथे मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी मारणारांना शासन केले आणि गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला मदत केली. गंगारामांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले. नाव ठेवले ‘सत्यसुधारक’. पण गिऱ्हाईक येणार कोण? महाराज स्वतः आपली गाडी तिथे थांबवीत, चहा घेत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजीत. राजाच्या देखत नाही कोण म्हणणार? १९१९ साली त्यांनी सार्वजनिक ठिकाणी शिवाशिव पाळू नये असे हुकूमही काढले होते. पण हुकूम कागदावर राहतो. हातातला कप चारचौघांना दिसतो. म्हणून लोक त्या चहाची आठवण अजून काढतात.

आपल्याकडे असा राजा नव्हता. इथे लोकांनाच उभे राहावे लागले. १९३८ साली कन्नड तालुक्यात मक्रणपूरला बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि मराठवाड्यातल्या दलितांना आपला आवाज सापडला. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. १३५८ फसलीत, म्हणजे १९४८-४९ साली, हैदराबाद राज्यात हरिजनांवरील सामाजिक निर्बंध दूर करण्याचा कायदा आला. १९५० च्या राज्यघटनेने तर स्पष्टच लिहिले, की दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांत कुणालाही जातीच्या कारणाने अटकाव करता येणार नाही. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हा कायदा आणखी एक पाऊल पुढे गेला. हॉटेलात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरण्यास मज्जाव करणे हाही त्यात गुन्हा ठरला. कायदा करणारांची नजर वळचणीच्या त्या कपापर्यंत पोचली होती, हे विसरू नये. १९७६ मध्ये हा कायदा अधिक कडक झाला आणि त्याला नागरी हक्क संरक्षणाचे नाव मिळाले.

कायद्याने काम झाले, पण आपोआप नाही. तरुण पोरे शिकू लागली. १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय निघाले, नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. शहरात बाकड्यावर बसून चहा प्यालेला मुलगा सुटीत गावी आला, की त्याला वळचणीचा कप दिसे आणि तो विचारी, ‘हा कुणासाठी हो, मालक?’ हा साधा प्रश्न विचारायला छाती लागत असे. कुठे मालक ओशाळला, कुठे मारामारी झाली, कुठे गावाने बोलणे टाकले. आणि १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या वेळी नांदेड, परभणीकडच्या कितीतरी गावांत दलितवस्त्यांवर हल्ले झाले. तेव्हा उमगले, की हॉटेलातली कपबशी एक झाली म्हणजे गाव एक झाले असे नव्हे.

आता पुष्कळ ठिकाणी कागदी पेले आले. चहा प्यावा, पेला फेकावा. विसळण्याचा प्रश्नच मिटला. सोय झाली खरी. पण पेला फेकता येतो म्हणून मनातला भेदही फेकला गेला, असे कुणी समजू नये.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. मुलांना सांगा, घरी जाऊन आजीआजोबांना विचारा : तुमच्या वेळी आपल्या गावच्या हॉटेलात आत कोण बसे, बाहेर कोण बसे, कप कोण धूत असे? ऐकाल ते वहीत उतरवा. काही उत्तरे ऐकायला जड जातील, पण तो आपल्या गावचाच इतिहास आहे आणि तो सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत. आणि मंडळी, उद्या बाजाराला गेलात म्हणजे हॉटेलात जरूर जा. चहाची चव पाहा, भजी ताजी मागून घ्या. पण सगळ्यांत गरीब गिऱ्हाइकाला कोणत्या जागी बसवतात, त्याच्यापुढे कप कसा ठेवतात, तेही पाहा. हॉटेल चांगले की वाईट हे मग कुणाला विचारावे लागणार नाही.